रकाना क्रमांक अकरा

रकाना अकरा : उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक.

सुखदेव ठमके बाकावर बसून माझ्याकडे पाहतो,
मी स्क्रीनकडे,
स्क्रीन वाट पाहते.
लाइन गेली तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून,
आणि लाइन जाणारच,
खांबावर चढणारा माणूसच इथं बसलाय
उजवं मनगट बांबूच्या कामट्यांत घेऊन.

पगारातून महिन्याचे तीनशे वीस कटतात त्याचे.
तीन वर्षांचा हिशोब त्यानं पुडीच्या पाठीवर मांडलाय :
अकरा हजार पाचशे वीस.
"म्हैस नाई, पण वगार आली असती," म्हणतो.
"झिंगूजीचाच नंबर टाक ना."
नंबर आहे, पण मोबाईलचा,
तोही नातवाचा.

झिंगूजी मडावींचं घर पारव्याच्या रस्त्याला,
कुंपणावर हाडजोडीचा वेल.
त्यांची बोटं खांद्यापासून सुरू होतात,
दुखतं तिथं सगळ्यात शेवटी पोचतात.
तोवर ते तुमच्या बैलाचं नाव विचारतात
आणि नाव सांगता सांगता
कट्.

वेलाचा लगदा, अंड्याचा पांढरा, उडदाचं पीठ,
जुन्या लुगड्याची पट्टी, एकवीस दिवस.
फी एक नारळ.
तोही फोडून अर्धा परत.

पॉलिसीत आयुर्वेद आहे. मी वाचलंय, पान एकोणतीस :
मान्यताप्राप्त रुग्णालय, चोवीस तास भरती, पक्कं बिल.
झिंगूजींच्या पडवीत सुखदेव सव्वा तास होता,
त्यातला एक तास चहाचा.

मी गेले होते बिल मागायला,
घाटंजीहून साठ रुपयांचं पावतीपुस्तक घेऊन.
ते शेळीला पाला घालत होते.
"पैसे लिवले का पाला रुसते, माय.
माह्या बापानं घेतले नाई.
म्या घेतले तर हातातला गुण जाईन."

कंपनी म्हणते, बिल नाही तर उपचार झालाच नाही.
झिंगूजी म्हणतात, बिल केलं तर होणारच नाही.
दोघंही शब्दाचे पक्के.
मी पावतीपुस्तक पिशवीत टाकून परत आले.

मला रागवायचं असतं त्यांच्यावर कधी कधी,
जमत नाही.
माझा भाऊ प्रफुल्ल पिवळे डोळे घेऊन
याच पडवीत बसला होता.
त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली
अन् वेलाकडे गेलेच नाहीत.
"आतलं मले समजत नाई.
आत्ताच्या आत्ता यवतमाळले न्या."
आम्ही नेलं नाही आत्ताच्या आत्ता.
नेलं दुसऱ्या एकाकडे, पांढरकवड्याच्या बाजूला,
त्याला सगळंच समजत होतं.
त्यानं पक्कं बिल दिलं, नऊशे रुपयांचं.
अजून आहे माझ्याकडे.

रकाना रिकामा सोडला तर फॉर्म सरकत नाही,
लाल अक्षरं येतात.
शून्य टाकून पाहिलं, आडवी रेघ टाकून पाहिली.
शेवटी नुसते एक्स-रेचे साडेतीनशे मागितले,
तिथं तरी डॉक्टर होता.
दोनशे ऐंशी मंजूर झाले अडीच महिन्यांनी,
मधे एक पत्र : सही जुळत नाही.

जुळणार कशी.
मनगट जुळलं, पण जरासं बाहेर,
पाण्यात धरलेल्या काठीसारखं.
'ठ'चा गोल आता मिटत नाही त्याच्यानं.
झिंगूजींना दाखवलं तर म्हणाले,
"खांबावर चढता येते ना? मंग."

चढता येतं.
आज सकाळी आमच्याच डीपीवर होता.
लाइन आली, स्क्रीन उजळली,
त्याच्या नावाची सूचना :
नूतनीकरण. हप्ता चारशे दहा.
कारण : गतवर्षी दावा.

मी बाहेर येऊन खालून ओरडले.
वरून म्हणाला,
"थांब जराशी,
दोन्ही हात कामात हायेत."